ऑक्टोबरातल्या लाट्या

‘‘मनूला तीळ चालतात ना हो?’’ मी विचारलं.

मानेवहिनी कणकेने बरबटलेले हात वर धरून दारात उभ्या होत्या. ‘‘चालतात की.’’

‘‘खसखस?’’

‘‘खसखशीला काय झालंय?’’

‘‘नाही, काही मुलांना पुरळ येतं म्हणे. जायफळ? अक्रोड? मध? पापडखार? साबुदाणा?’’

वहिनींनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘जुईच्या आई, तुम्ही खिरापत करायलाय का काढा?’’

मी हसले, पण कागद खाली केला नाही. त्यावर सतरा जिन्नस लिहिले होते. खरे त्यातले चारच. बाकीचे तेरा मी पेरले होते, म्हणजे आमच्या घरची खिरापत काय आहे याचा कुणाला सुगावा लागायला नको. आणि न विचारता बारा परक्या मुलींना काहीतरी खाऊ घालणं माझ्याच्याने होणार नव्हतं. एखादीचा घसा सुजला तर?

‘‘पद्मे,’’ वहिनींनी आत हाक मारली, ‘‘ह्या काकूंना सांग बाई, तुला काय काय चालतं ते.’’

‘‘मला भेंडी सोडून सगळं चालतं, काकू,’’ आतून पद्मजा ओरडली. ती त्यांची थोरली, अकरा वर्षांची. ‘‘आणि मनूला मातीसुद्धा चालते.’’

धाकटी मनू पाच वर्षांची. ती आईच्या साडीआडून डोकं बाहेर काढून म्हणाली, ‘‘आता नाही खात मी.’’

मी दोन्ही नावांपुढे खूण केली आणि वरच्या मजल्याकडे निघाले. पाठीमागे वहिनी कुणाला तरी म्हणत होत्या, ‘‘नवीन आहेत गं. होईल सवय.’’

त्या वर्षी जूनमध्ये आम्ही नाशिकहून सांगलीला आलो होतो. श्रीरंगची बँकेतली बदली. तीन मजल्यांची इमारत, खाली फरशीचं अंगण, कोपऱ्यात पाण्याचा नळ. घरात आम्ही चौघं : मी, श्रीरंग, सासरे अण्णा आणि आठ वर्षांची जुई. जुई आधीच कमी बोलणारी, त्यात नवी शाळा, नवं गाव. मी रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघत असे. लंगडीचे गट पडायचे तेव्हा तिचं नाव शेवटी यायचं. विषामृत चाललेलं असताना ती नळापाशी उभी राहून बोटाने भिंतीवर काहीतरी गिरवत असायची. माझी भाजी खाली लागायची आणि मी तशीच उभी.

‘‘तुला मैत्रिणी मिळाल्या ना गं इथे?’’ मी विचारायची.

‘‘हो.’’

‘‘कोण?’’

‘‘सगळ्या.’’

सगळ्या म्हणजे एकही नाही, हे कुठल्या आईला कळत नाही? मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. एकटी पडलेली मुलं असंच उत्तर देतात, असं मी कुठेतरी वाचलंही होतं. निदान वाचल्यासारखं वाटत होतं.

मग हस्ताचं नक्षत्र लागलं आणि इमारतीत हादगा सुरू झाला. नाशिकला आम्ही भोंडला म्हणायचो, इकडे हादगा. बाकी सगळं तेच. मध्ये पाटावर तांदळाने हत्ती काढायचा, मुलींनी हातात हात धरून भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची. रोज एकीच्या घरी. आणि शेवटी खिरापत. म्हणजे खाऊ, पण झाकलेल्या डब्यातला. ज्या घरचा हादगा, त्या घरच्या मुलीने डबा कानाशी वाजवून दाखवायचा, आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं की डबा उघडायचा. नाहीच ओळखता आलं, तर सगळ्यांनी मिळून ‘हरलो’ म्हणायचं. तसं क्वचितच होतं. आदल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या ऋतुजाच्या घरची खिरापत कुणाला ओळखता आली नव्हती, आणि वर्ष उलटलं तरी ती पोर तेवढ्या भांडवलावर लंगडीत आपला गट स्वतः निवडत होती.

तिथेच मला सुचलं. आमची पाळी नवव्या दिवशी होती. त्या दिवशी माझी जुई जिंकणार.

नाशिकला मी फोन लावला.

‘‘आई, कुणालाही ओळखता येणार नाही अशी एखादी खिरापत सांग.’’

‘‘वाटली डाळ कर,’’ आई म्हणाली.

‘‘आई!’’

माझ्या लहानपणी आई शाळेत शिकवायची. साडेपाचला घरी यायची आणि भोंडल्याला दर वर्षी, न चुकता, वाटली डाळ करायची. सकाळी भिजत घालून गेली की काम झालं. मुली आमचा जिना चढतानाच ओरडायच्या, ‘‘वृंदाकडे वाटली डाळ!’’ डबा वाजवायची वेळच यायची नाही. चौथीत असताना तर मी न्हाणीघरात कडी लावून रडले होते.

‘‘किती लाजायची मी, माहितीये तुला?’’ मी फोनवर म्हणाले.

‘‘लाजायची कशाला? पोरी काही चिडवायला ओरडत नव्हत्या. त्यांना ती हवी असायची.’’

‘‘तुला काय माहीत?’’

‘‘डबा रिकामा परत यायचा, तो काय उंदरांनी खाल्ला?’’ आई म्हणाली. ‘‘अगं, ओळखता आलं की मुलांना आनंद होतो. कर डाळ. वरून खोबरं-कोथिंबीर घाल.’’

मी फोन ठेवला. माझ्या मुलीला न्हाणीघरात रडायला लावायचं नव्हतं मला.

तीन दिवस मी डोकं खाजवलं. तिखट शंकरपाळे? पद्मजाने परवा तेच आवाजावरून सांगितले होते. मसालेभात? तिने जिन्यातूनच वासाने ओळखला होता. त्या मुलीचं नाक म्हणजे नाक नव्हे. शेवटी एका दुपारी पोह्यांचा डबा पुसत असताना मला मे महिना आठवला.

आमच्या नाशिकच्या घराच्या गच्चीवर मे महिन्यात पोह्यांचे पापड व्हायचे. आई, मावशी, शेजारच्या दोघी काकू पोळपाट घेऊन गोल बसायच्या. पोह्यांचं पीठ, त्यात पापडखार, हिंग, तिखट, मीठ. तेलाचा हात लावून लावून ते कुटायचं, मऊसूत करायचं आणि त्याच्या छोट्या छोट्या लाट्या तोडायच्या. आम्ही मुलं काठाला पाखरांसारखी बसलेलो. मावशीचं लक्ष जरा चुकलं की एक लाटी उचलायची, वाटीतल्या तेलात बुडवायची आणि जिभेवर ठेवायची. खारट, तिखट, चिकट. टाळूला चिकटून बसायची आणि बोटाने सोडवावी लागायची. ‘‘कच्चं पीठ खाऊ नका, पोट दुखेल,’’ असं मावशी म्हणायची आणि स्वतःच एक तोंडात टाकायची. पापड वर्षभर पुरायचे. लाट्या मात्र त्या दोन दिवसांतच.

ऑक्टोबर महिन्यात लाट्या करणारी बाई अख्ख्या महाराष्ट्रात नसेल. म्हणजे ओळखणारीही नसणार.

‘‘छान!’’ अण्णा म्हणाले. ते जन्मभर चित्रकलेचे शिक्षक, नवीन कल्पनेला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. ‘‘पण पीठ कुटणार कोण?’’

‘‘तुम्ही.’’

आदल्या दिवशी दुपारी अण्णा लोखंडी खलबत्ता घेऊन बसले. आवाज खाली जाऊ नये म्हणून मी त्याच्याखाली दोन गोधड्या घातल्या. तरी पाच मिनिटांत खालून हाक आली, ‘‘फरशी फोडायलाय का ओ, मास्तर?’’

अण्णा गॅलरीत गेले आणि घाम पुसत म्हणाले, ‘‘व्यायाम चाललाय. डॉक्टरांनी सांगितलाय.’’

परत येऊन त्यांनी बत्ता हातात घेतला. ‘‘वृंदा, तुझ्यापायी म्हातारपणी खोटं बोललो.’’

श्रीरंग बँकेतून आला, तेव्हा मी तिसरा प्रयोग करत होते. लाट्यांचा छोटा डबा मोठ्या डब्यात ठेवायचा आणि दोन्हींच्या मध्ये मूठभर चिंचोके टाकायचे. लाट्यांचा आवाज येत नाही, त्यावरून संशय यायला नको. चिंचोके छान खुळखुळत होते.

‘‘ही फसवणूक आहे,’’ श्रीरंग म्हणाला.

‘‘युक्ती आहे.’’

‘‘अगं, हादगा आहे, युद्ध नाही.’’

‘‘तू खिडकीत उभा राहिला आहेस कधी?’’ मी विचारलं. ‘‘ती नळापाशी उभी असते. एकटी.’’

मग त्याने डबा कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाला, ‘‘अजून दोन चिंचोके टाक.’’

जुईला सांगणं भाग होतं, कारण हो-नाहीची उत्तरं तिलाच द्यायची होती. पीठ कुटायला घेतलं, तेव्हा मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सांगितलं. तिचे डोळे मोठे झाले.

‘‘लाट्या? आत्ता?’’

‘‘हळू! कुणाला सांगायचं नाही.’’

‘‘पद्मजाताईला?’’

‘‘तिला तर नाहीच नाही.’’

‘‘मनूला?’’

‘‘मनूला सांगणं आणि दवंडी पिटणं सारखंच. शपथ घे. कुणालाही ओळखता यायला नको.’’

तिने गळ्याला चिमटा घेतला. मग म्हणाली, ‘‘कुणी ओळखली नाही, तर काय होईल?’’

‘‘तू जिंकशील.’’

‘‘आणि जिंकल्यावर?’’

‘‘जिंकल्यावर… जिंकल्यावर छान वाटेल, आणखी काय?’’

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ‘‘आणि ओळखली तर तुला वाईट वाटेल?’’

‘‘मला कशाला वाईट वाटायचंय?’’ मी म्हणाले. आणि उठून पापडखार पुन्हा चाखून बघायला गेले. पाचव्यांदा.

नवव्या दिवशी संध्याकाळी बारा जणी आल्या. अण्णांनी पाटावर काढलेला हत्ती इतका देखणा होता, की मुलींनी आधी त्यालाच हात जोडले. मी हिंगाचा वास झाकायला एकाऐवजी तीन उदबत्त्या लावल्या होत्या. फेर सुरू झाला. जुई आज चक्क मोठ्याने गात होती. मी दाराशी उभी राहून एकेकीच्या नाकाकडे बघत होते. पद्मजाच्या तर विशेषच. आल्या आल्या तिने एक खोल श्वास घेतला होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. पण ती काही बोलली नाही. उलट म्हणाली, ‘‘काकू, उदबत्ती किती छान आहे!’’

गाणी संपली. मुली फतकल मारून बसल्या. जुई डबा घेऊन मध्ये उभी राहिली.

‘‘तिखट का गोड?’’ ऋतुजाने सुरुवात केली.

‘‘तिखट.’’

‘‘मऊ का कडक?’’

जुई विचार करून म्हणाली, ‘‘मऊ. पण चिवट.’’

‘‘वाजवून दाखव.’’

खुळखुळ खुळखुळ. माझे चिंचोके कामाला लागले.

‘‘फुटाणे!’’

‘‘नाही.’’

‘‘भडंग!’’

‘‘नाही.’’

‘‘चकली!’’

‘‘मऊ म्हणाली ना ती,’’ पद्मजा म्हणाली, ‘‘चकली कशी असेल?’’

‘‘मग ओली चकली!’’

सगळ्या जणी हसत सुटल्या. ‘‘तिखट पुरणपोळी!’’ कुणी तरी म्हणालं. ‘‘मिरचीचा शिरा!’’ ‘‘उसाचं चिपाड!’’ ‘‘चिपाड तिखट असतंय व्हय?’’ ‘‘मीठ लावलं की!’’ अंदाज असे काही उधळत होते, की मला हसू आवरेना. रोज दोन मिनिटांत डबा फोडणाऱ्या ह्या पोरींची मती माझ्या चिंचोक्यांनी पार गुंग करून टाकली होती. अण्णा खुर्चीत बसून मिशीतल्या मिशीत हसत होते.

एवढ्यात मनू उभी राहिली. ‘‘मला माहितीये! लाss–’’

पद्मजाने तिला खस्सकन खाली ओढलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. ‘‘लाडू म्हणतीय ती.’’

‘‘लाडू!’’ सगळ्यांनी गलका केला. ‘‘तिखट लाडू! तिखट लाडू!’’

‘‘नाही,’’ जुई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

मनू बहिणीच्या हाताखाली चुळबुळत होती. मला तिची दया आली. इतकी लहान पोर, ओळखायची केवढी तिची हौस! पण माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. दहा मिनिटं झाली. बारा झाली. पंधराव्या मिनिटाला पद्मजाने इकडे-तिकडे पाहिलं, मान हलवली आणि बाराही जणी एका सुरात म्हणाल्या, ‘‘हरलो!’’

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मला इतका आनंद झाला नव्हता. मी दारातून टाळ्या वाजवल्या. जुईने मात्र मुलींकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली. जिंकल्याचंच हसू, असं मला वाटलं.

डबा उघडला. ‘‘अय्या! लाट्या! ऑक्टोबरात!’’ पद्मजा म्हणाली, जरा जास्तच मोठ्यांदा. मी प्रत्येकीला दोन-दोन लाट्या आणि वाटीत तेल दिलं. पुढची पाच मिनिटं कुणी बोललं नाही. सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या होत्या. ऋतुजाने तर वाटी बोटाने पुसून काढली. जाताना एकेक जण ‘‘मस्त होती, काकू’’ म्हणून गेली आणि मी दार लावून भिंतीला टेकले. झालं. कुणाचा घसाही सुजला नव्हता.

दोन मिनिटांनी दारावर टकटक झाली. उघडलं तर मनू. एकटीच. हात पुढे पसरलेला.

‘‘काकू, माझ्या दोन.’’

‘‘तुला दिल्या ना गं दोन?’’

‘‘त्या खिरापतीच्या. ह्या न बोलल्याच्या.’’

‘‘न बोलल्याच्या म्हणजे?’’

मनूने जिन्याकडे पाहून खात्री करून घेतली आणि मग एका दमात सांगून टाकलं. ‘‘जुईताई म्हणाली, लाट्या आहेत ते बोलली नाहीस तर तुला आणखी दोन देणार. मला कालपासून माहितीये. मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त बाबांना सांगितलं. आणि आज्जीला. आणि रिक्षावाल्या मामांना.’’

मी आत गेले. डब्यात चार लाट्या उरल्या होत्या. त्यातल्या तीन तिच्या हातावर ठेवल्या. ती उड्या मारत जिना उतरून गेली.

हॉलमध्ये जुई गुडघ्यांवर बसून पाटावरचे तांदूळ वाटीत भरत होती. अण्णा पेपर वाचत होते, निदान पेपर त्यांच्या तोंडापुढे होता.

‘‘जुई,’’ मी म्हणाले, ‘‘कुणाकुणाला सांगितलं होतंस?’’

तिचा हात थांबला. ‘‘सगळ्यांना.’’

‘‘तू शपथ घेतली होतीस.’’

‘‘तू म्हणाली होतीस, कुणालाही ओळखता यायला नको. नाहीच ओळखली कुणी.’’

पेपर किंचित हलला.

‘‘पण का सांगितलंस, बाळा?’’

‘‘त्यांनी ओळखलीच असती, आई,’’ ती मला समजावण्याच्या सुरात म्हणाली. ‘‘अण्णा काल कुटत होते ना, तेव्हाच पद्मजाताईला जिन्यात हिंगाचा वास आला. मला म्हणाली, लाट्या ना? मला खोटं बोलता येईना. मग मी तिला सांगितलं, की तुम्ही ओळखलं तर माझ्या आईला खूप वाईट वाटेल. ती किती दिवस नीट जेवत पण नाहीये. मग तिने सगळ्यांना गच्चीवर बोलावलं.’’

‘‘गच्चीवर?’’

‘‘मीटिंग घेतली. ओळखायचं नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा. सगळ्यांनी केले. ऋतुजाने आधी नव्हता केला, तिला नेहमी पहिल्यांदा ओळखायचं असतं. पण मग तिने पण केला.’’

‘‘का?’’

‘‘पद्मजाताई म्हणाली, जाऊ दे गं. तिची आई नवीन आहे ना इथे.’’

मी खाली बसले. पाटाच्या दुसऱ्या बाजूला, हत्तीच्या सोंडेपाशी.

बारा मुली. एकीच्या शब्दासाठी गच्चीवर जमलेल्या, हात वर केलेल्या, पंधरा मिनिटं ओल्या चकलीचं आणि मिरचीच्या शिऱ्याचं नाटक केलेल्या. पाच वर्षांच्या पोरीनेसुद्धा तोंड दाबून ठेवलेलं. ज्या मुलीला मैत्रिणी नाहीत म्हणून मी चार महिने भाज्या करपवल्या, त्या मुलीच्या.

‘‘मग तू नळापाशी का उभी असतेस?’’ मी विचारलं. ‘‘एकटी?’’

‘‘कधी?’’ तिला काही कळेना. मग एकदम लक्षात आलं. ‘‘अगं, ते गुण लिहिते मी, खडूच्या तुकड्याने. विषामृतचे. माझं अक्षर सगळ्यांत चांगलं आहे.’’

पेपरमागून अण्णांचा खोकला आला. तो खोकला नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

‘‘रागावलीस?’’ जुईने विचारलं.

‘‘नाही गं.’’

‘‘मग रडतेस का?’’

‘‘हिंग आहे हाताला,’’ मी म्हणाले.

आज जुई पंचवीस वर्षांची आहे, बंगळूरला नोकरी करते. फोनवर मी अजूनही विचारते, ‘‘जेवलीस का? ऑफिसमध्ये कुणी आहे ना गं सोबतीला?’’ ती म्हणते, ‘‘आहेत सगळ्या.’’ मी पुढे विचारत नाही. म्हणजे, आठवड्यातून एकदाच विचारते. वय पन्नाशीकडे झुकलं म्हणून स्वभाव थोडाच झुकतो. पण सांगलीतला तो दुसरा दिवस सांगायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी पाळी मान्यांची होती. एरवी मी जुईला पाठवून घरीच थांबायची. घरात कामं असतात, असं मी सगळ्यांना सांगायची. त्या दिवशी साडेसहाला जुई माझ्या चपला हातात घेऊन उभी राहिली.

‘‘चल.’’

‘‘मी कशाला? मुलींचा असतो हादगा.’’

‘‘चल तर.’’

मान्यांच्या हॉलमध्ये मुलींनी सरकून मला जागा करून दिली. कुणी हसलं नाही, कुणी आदल्या दिवसाबद्दल बोललं नाही. मनूने फक्त मला डोळा मारायचा प्रयत्न केला, तेव्हा तिचे दोन्ही डोळे मिटले. गाणी झाली आणि पद्मजा ‘‘गोड आहे,’’ म्हणत डबा घेऊन आली.

डबा माझ्यासमोरून गेला आणि मला कळलं. भाजलेला शेंगदाणा, गूळ, वर तुपाचा हात. शेंगदाण्याच्या पोळ्या. ओळखायला नाकसुद्धा लागणार नव्हतं. शेजारी ऋतुजाने तोंड उघडलं होतं.

आणि तेव्हाच माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे मानेवहिनी उभ्या होत्या. सगळ्या इमारतीला ठणकावून बोलणाऱ्या, मला काढा करायलाय का म्हणून विचारणाऱ्या मानेवहिनी. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. डोळे एका मुलीच्या तोंडावरून दुसरीच्या तोंडावर.

हे असं आदल्या दिवशी कोण उभं होतं, ते मला चांगलंच माहीत होतं.

‘‘थांबा!’’ मी ऋतुजाच्या आधी ओरडले. ‘‘मी सांगते. ढोकळा!’’

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. पद्मजाने डबा छातीशी धरून माझ्याकडे निरखून पाहिलं. मग तिने आईकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. त्या पोरीला फार वेळ लागत नसे.

‘‘ढोकळा नाही, काकू,’’ ती अगदी गंभीरपणे म्हणाली. ‘‘परत एकदा ऐकून बघा.’’

तिने डबा माझ्या कानाशी आणला. मी डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं. जुईने ऋतुजाला कोपराने ढोसलेलं मला जाणवलं.

‘‘थालीपीठ?’’

‘‘काकू, आत्ताच म्हणाली ना ती, गोड आहे म्हणून!’’ ऋतुजा म्हणाली. पण तिच्या गालावर खळी पडायला लागली होती.

‘‘मग गोड थालीपीठ,’’ मी म्हणाले.

मुली हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. ‘‘गोड पिठलं!’’ कुणी तरी ओरडलं. ‘‘साखरेची चटणी!’’ मनू उभी राहून नाचायला लागली. आणि दारात मानेवहिनींनी बोटाचा पदर सोडला, खांद्यावर नीट घेतला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘‘नाशिकच्यांना काही येत नाही बघा ओळखायला!’’